पौषाच्या पुढचं राहून गेलं

गफूर, तुझ्या मरणामुळं खंडूच्या जामिनाची तारीख पुढं गेली. हे आधी सांगून टाकते, बाकीचं रडगाणं मागून.

तू पहाटे गेलास. कोर्ट बसायच्या आत आपल्या वकील संघाचा ठराव तयार. आमचे ज्येष्ठ सहकारी गफूरभाई यांच्या दुःखद निधनाबद्दल शोक म्हणून आज सदस्य कोर्टात काम करणार नाहीत. त्या दिवशी बोर्डावर तुझी एकच सुनावणी होती, खुनाच्या आरोपाखाली वर्षापेक्षा जास्त आत बसलेल्या धनगराच्या जामिनाची. आणि तुझ्या सन्मानार्थ यांनी बंद काय पाडलं, तर तुझंच काम. याला श्रद्धांजली म्हणतात बरं का.

किती वेळा सांगितलंस तू ह्या लोकांना! माणूस गेला तर त्याच्या घरी जा, मय्यतीला खांदा द्या, त्याच्या पोरांची विचारपूस करा. पण जेलमधल्या माणसाची तारीख खाऊ नका. तो कुठं ओळखतो मेलेल्या वकिलाला? तुला आठवतं, ते बुजुर्ग वकील गेले तेव्हा तू एकटा कोर्टात उभा राहिलास. वाळूजच्या कंपनीतला एक कामगार होता, मारामारीत नाव आलेला. सगळी बार रूम खाली चहा पीत शोक करत होती आणि तू वर जामिनावर बोलत होतास. सोडवलंस त्याला. संध्याकाळी तुला संघाची नोटीस. शिस्तभंग! पुढं वर्षभर तुझ्या टेबलाला कुणी चहाला येईना. मी येत होते, कारण मला तसंही कुणी चहाला बोलवत नव्हतं. फौजदारी कामात बाई कशाला, असं म्हणायचे दिवस होते ते. माझ्या हातात खुनाच्या केसचा पहिला जामीन अर्ज तू दिलास आणि म्हणालास, "ले बाई, हार तरी अपने नाम पे हार."

लॉ कॉलेजपासून आपण एकत्र. बार रूममधले सगळे मला ताई म्हणतात, त्यांच्यात तू एकटा बाई म्हणायचास, तेही भांडताना. म्हणजे रोजच.

आता तुझी शोकसभा ऐक. जो नोटिशीवर सही करणारा होता, तोच पहिला बोलायला उठला. म्हणाला, गफूरभाई अजातशत्रू होते. अजातशत्रू! वर्षभर तुझ्याकडं पाठ करून बसणारा माणूस हे बोलतो आणि त्याची जीभ झडत नाही. दुसरा म्हणाला, त्यांच्या जाण्यानं न भरून येणारी पोकळी निर्माण झाली. आणि तुझ्या टेबलावर कोण बसणार, याची कुजबुज मागच्या बाकावर त्याच वेळी सुरू होती. मी उठले. म्हटलं, सगळं बंद ठेवा, माझी हरकत नाही. पण गफूरचा एक जामीन अर्ज आज अर्धवट सुनावणीला आहे, तेवढा चालू द्या, तीच त्याला श्रद्धांजली होईल. सेक्रेटरीनं डोळे मोठे केले. "ताई, तुम्हीच असं बोलावं? आजच्या दिवशी?" सगळ्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी मय्यतीत शिट्टी वाजवली. मग दोन मिनिटं उभं राहिलो. त्या दोन मिनिटांत तिघांचे मोबाईल वाजले.

मी ऐकलं नाही, हे तुला सांगायला पाहिजे. गेले मी कोर्टात. जज साहेब बसलेले होते. सरकारी वकील नाही. ठराव झाल्यावर त्याचा आनंद तू ओळखतोसच. उभं राहून बोलायची कटकट वाचली. मी म्हटलं, साहेब, अर्जदाराच्या बाजूनं मी बोलते, सरकारचं म्हणणं लेखी दाखलच आहे. साहेब माझ्याकडं कनवाळूपणानं बघत म्हणाले, "मॅडम, तुमच्याच सहकाऱ्याला आदरांजली आहे. एक दिवस तरी थांबा." एक दिवस! दुसऱ्या दिवसापासून दिवाळीची सुट्टी. तारीख पडली सुट्टीनंतरची. सुट्टीतल्या कोर्टात गेले, तर तिथं विचारलं, एवढी घाई काय आहे, अर्धं ज्यांनी ऐकलं त्यांच्यासमोरच चालवा.

घाई काय आहे. सांगते घाई काय होती.

करमाडच्या पलीकडं एका शिवारात बांधावरून दोन भावकींत मारामारी झाली आणि एक माणूस जिवानिशी गेला, एवढी ती केस. ज्याच्या रानात हे झालं, त्याच्या दोन पोरांची नावं फिर्यादीत आहेत आणि तिसरं नाव खंडूचं. खंडूचा त्या बांधाशी काय संबंध? त्या रानात त्याच्या मेंढ्या बसल्या होत्या. शेतकरी बोलावून घेतो, मेंढ्या आठ-पंधरा दिवस रानात बसतात, लेंड्यांचं खत होतं, धनगराला धान्य मिळतं. आपल्याकडच्या शेंबड्या पोराला माहीत असलेली गोष्ट. फिर्यादीत त्याच्याविरुद्ध लिहिलंय काय, तर "हातात काठी घेऊन उभा होता." धनगर काठी घेऊन उभा होता! मग काय हातात लॅपटॉप घेऊन उभा राहणार होता? कुणी कुणाला कुठं मारलं ह्यात त्याचं नाव नाही. उभा होता, काठी होती, बस.

रानमालकाच्या दोन्ही पोरांना जामीन मिळाला. एक पुंडलिकनगरात खोली घेऊन परीक्षेची तयारी करणारा, म्हणजे आदेशाच्या भाषेत होतकरू तरुण. दुसरा वाळूजला नोकरीला, कायम पत्ता, कंपनीचं ओळखपत्र. आणि खंडूचा अर्ज फेटाळला. का? तर पोलिसांनी दिलेलं लेखी म्हणणं, ज्याला आपण सगळे 'से' म्हणतो. त्यात तीच ती वाक्यं. गुन्हा गंभीर स्वरूपाचा आहे, आरोपी साक्षीदारांवर दबाव आणेल, आरोपी फरार होण्याची दाट शक्यता आहे. प्रत्येक आरोपीच्या वेळी हीच वाक्यं असतात, फक्त नाव बदलतं. एकदा तर तेही बदलायचं राहिलं होतं आणि तू भर कोर्टात वाचून दाखवलं होतंस. खंडूच्या वेळी मात्र त्यांनी मेहनत घेतली. एक ओळ जास्तीची टाकली: आरोपी भटका असून त्यास कायमचा ठावठिकाणा नाही. साहेबांनी ती जशीच्या तशी आदेशात उचलली.

आपल्याला कॉलेजात काय शिकवलं होतं रे? दोषी ठरेपर्यंत माणूस निर्दोष. जामीन देताना बघायचं की हा पळेल का, साक्षीदारांना धमकावेल का, पुरावा वरवर तरी किती पक्का दिसतो, खटला कधी संपायची आशा आहे, बरोबरच्यांना सोडलंय का. गुन्हा गंभीर आहे हेही बघायचं, पण तेवढंच बघून फाईल मिटायची नाही. गुन्हा गंभीर आहे ही मेलेल्या माणसाबद्दलची गोष्ट झाली. हा उभा असलेला माणूस त्यात किती, हे कोण बघणार? इथं गंभीर शब्द आला की सगळ्यांचे चेहरे गंभीर होतात आणि विचार संपतो. खालच्या कोर्टाला वाटतं, नको बाबा, वरचं कोर्ट देईल. वरच्या कोर्टात महिनोन्महिने नंबर लागत नाही. मधल्या मधे माणूस शिक्षा भोगून मोकळा, निकाल मागाहून.

चार्जशीट आल्यावर तू दुसरा अर्ज केलास आणि आपलं भांडण जुंपलं. ते अजून मिटलेलं नाही, हे लक्षात ठेव.

तू म्हणालास, "बाई, जजला कायदा नक्को सांगू. कायदा त्याला मालूम आहे. त्याला खंडू मालूम नाही."

मी म्हटलं, "मेंढ्यांच्या गोष्टी सांगून खुनात जामीन मिळाला असता तर काय पाहिजे होतं. बाकीच्या दोघांना सोडलंय, त्यावर बोल. आत किती दिवस झाले, त्यावर बोल."

"वो तो बोलतूंच. पन पैले आदमी दिखाना पडता."

"तू वकील आहेस का फोटोग्राफर?"

"कायको इत्ता तापती गे तू? चाय पी."

आणि गेलास की जेलात, खंडूकडून त्याची सगळी वाट विचारून घ्यायला. कुठल्या महिन्यात कुठल्या गावात, कुणाच्या रानात. मग त्या रानांच्या मालकांना जाऊन भेटलास. तुझी ती खटारा स्कूटर घेऊन पार गोदाकाठापर्यंत. मी तुला येडा म्हटलं होतं. पण सुनावणीच्या दिवशी बघते तर कोर्टाच्या पायऱ्यांवर पागोटी, टोप्या आणि धोतरं. शेतकरी आले होते. प्रतिज्ञापत्र द्यायला तयार, जामीनदार राहायला तयार. त्यातला आडूळचा एक म्हातारा मला म्हणाला, "बाई, खंड्या पळून जाईल म्हनत्यात व्हय? आन् कुठं जाईल? पौषात आमच्या रानात आला नाय तर आमीच त्याला हुडकीत जातो की."

त्यांच्यासोबत खंडूची आई धुरपाबाई. कोपऱ्यात बसलेली, डोक्यावरून पदर. तिनं तुला एवढंच सांगितलं होतं, दिवाळी झाली की मेंढरं हलवावी लागतात, घरी बाप्या माणूस नाही, सून आणि मी. पोरगं तेवढं तवर सोडवा. ही घाई होती, गफूर. मेंढरांना कोर्टाची सुट्टी कळत नाही.

त्या दिवशी तू काय बोललास! मी कबूल करणार नव्हते कधीच, पण आता तू ऐकत नाहीस तर सांगते. मला हेवा वाटला. कायद्याचं पुस्तक उघडलं नाहीस. म्हणालास, साहेब, पोलीस म्हणतात ह्याला ठावठिकाणा नाही. मी ठिकाणं सांगतो. कार्तिकात हा करमाडातून निघतो. मार्गशीर्षात पिंप्रीराजाला, विहिरीशेजारच्या रानात, तो मालक मागं बसलाय. पौषात आडूळला, ते बाबा पायऱ्यांवर आहेत. साहेबांनी पेन खाली ठेवला आणि विचारलं, "दरवर्षी तिथंच?" तू म्हणालास, "ह्याच्या बापापासून, साहेब. आपली बदली होईल, पण ह्याचं पौषातलं रान बदलणार नाही." साहेब हसले. कारकून हसला. सरकारी वकीलसुद्धा हसला, मग त्याला आठवलं की आपण सरकारी आहोत. तेवढ्यात कोर्टाची वेळ संपली. "इंटरेस्टिंग आहे," साहेब म्हणाले, "उरलेलं पुढच्या तारखेला पूर्ण करा." एक माणूस आत आहे आणि यांना इंटरेस्टिंग वाटतंय. पण ऐकत होते, एवढं खरं.

पौषापर्यंत आला होतास तू. माघ, फाल्गुन, चैत्र सगळं राहिलं. जेलात जाऊन खंडूलाही तेच सांगून आलास.

त्या पुढच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी आपण खारी आणि चहा घेत बसलो होतो. तू खांदा दाबत होतास. मी म्हटलं, डॉक्टरकडं जा. तू म्हणालास, "हौ जातूं, ये तारीख होने दे." दुसऱ्यांच्या तारखांवर आगपाखड करणारा तू, आणि डॉक्टरनं तपासणीला बोलावलं की पुढची तारीख मागणारा पहिला तूच. इथं मी तुला माफ करणार नाही. बाकीच्यांचा राग येतो तो येतो, पण तुझा सगळ्यात जास्त येतो. टेबलावर फाईल ठेवताना मी अजून डाव्या हाताची जागा सोडते, तुझ्या चहासाठी. मग लक्षात येतं आणि तिथंच रडू येतं, सगळ्या त्या अजातशत्रूंच्या समोर.

तू गेलास त्या सकाळी धुरपाबाई पायऱ्यांवर बसलेली होती. मी बाहेर आले आणि तिला सांगितलं, आज काम नाही. तिनं विचारलं, "कोन वारलं?" मी म्हटलं, भाई. ती तोंडात पदर कोंबून रडली. तुझ्यासाठी त्या दिवशी त्या आवारात खरं रडलेलं माणूस तेवढंच. मग नाक पुसून म्हणाली, "मानूस मेला म्हून त्याचं काम बंद ठिवत्यात व्हय? आमच्यात कुनी गेलं तरी मेंढरं सोडावी लागत्यात, बाई." आमच्यात नाही सोडत. आमच्यात कोंडून ठेवतात.

दिवाळी झाली. रानवाले किती थांबतील? धुरपाबाई आणि खंडूची बायको दोघी निघाल्या. थोडी मेंढरं विकली, झेपत नव्हती म्हणून, बाकीची हाकत नेली.

सुट्टीनंतर मी उभी राहिले. तुझ्याच पद्धतीनं, हे मुद्दाम सांगते, म्हणजे तुला कबरीत मिश्या पिळता येतील. माघापासून सुरुवात केली. "साहेब, माघात अर्जदार पाचोडला..." साहेब म्हणाले, "मॅडम, मेंढ्या पुरे. ते प्रतिज्ञापत्रात आलंय. कायद्यावर बोला." मग मी कायद्यावर बोलले. बाकीच्या दोघांना सोडलंय, खटला सुरू व्हायचा पत्ता नाही, वर्ष उलटून गेलं. सरकारी वकिलानं तेच वाचून दाखवलं, गंभीर, दबाव, फरार. मधेच सांगते, ज्याच्याकडं कायमचा पत्ता होता ना, तो पुंडलिकनगरचा होतकरू, तो दोन तारखांना आला नाही आणि त्याच्यावर वॉरंट निघालंय. खोली सोडून गेला, पत्ता कुणाला माहीत नाही. ठावठिकाणा!

आणि साहेबांनी खंडूला जामीन दिला, गफूर. दिला. तुझा मुद्दा मान्य केला. अर्जदार दरवर्षी ठरलेल्या मार्गानं ठरलेल्या ठिकाणी जातो, हे शेतकऱ्यांच्या प्रतिज्ञापत्रांवरून दिसतं, त्यामुळं तो फरार होईल असं म्हणता येत नाही, असं स्वच्छ लिहिलं. मी वाचताना उभीच राहिले. मग खाली अटी वाचल्या. खटल्याचा निकाल लागेपर्यंत अर्जदारानं कोर्टाच्या तारखेशिवाय पोलीस ठाण्याची हद्द सोडायची नाही. दर सोमवारी हजेरी.

म्हणजे हा माणूस नेमानं फिरतो म्हणून सोडला आणि त्याचं फिरणं बंद केलं. मी साहेबांना म्हटलं, साहेब, हा धनगर आहे. साहेब म्हणाले, "खुनाचा गुन्हा आहे मॅडम, काही अट नको का?" पेशकार पुढची फाईल घेऊन उभा होता. तू असतास तर काय केलं असतंस, हे मला कळत नाही. हसला असतास बहुतेक आणि मग टेबलावर मूठ आपटली असतीस.

आता खंडू पत्र्याच्या खोलीत एकटा राहतो. कायमचा पत्ता झाला त्याला. आई आणि बायको गोदेच्या वाटेवर, मेंढरं त्यांच्याबरोबर, आणि हा दर सोमवारी ठाण्यात जाऊन सही करून येतो. अट सैल करायचा अर्ज मी दाखल केलाय. त्यावर पोलिसांचा से आलाय. वाचून दाखवू? आरोपी भटका असून त्यास कायमचा ठावठिकाणा नाही.

परवा खंडूची तारीख होती. आला, स्वच्छ धुतलेलं धोतर, हातात काठी नाही. ती अजून मुद्देमालात आहे आणि दुसरी घ्यायला तो भितो. मला म्हणाला, "बाई, भाईला पुरलंय ती जागा हितून लांब हाय का?" मी म्हटलं, नाही. तर म्हणाला, "कागदात कोर्टाला जायचं लिव्हलंय. तिथं गेलेलं चालंल का? का त्याला बी अर्ज करावा लागंल?"

तो चेष्टा करत नव्हता, गफूर. त्याला खरंच विचारायचं होतं. मला हसू आलं नाही. माझ्या मनात जे आलं ते लिहायच्या लायकीचं नाही, पण तू ओळखशील. मी म्हटलं, चल बस गाडीवर, बघते कोण अडवतंय.

कबरस्तानात बायका जात नाहीत, म्हणून मी तुझ्या मातीलाही फाटकाबाहेरच थांबले होते. परवाही थांबले. खंडूला तुझ्या भाच्यानं जागा दाखवली. बाहेरून मला नुसती त्याची पाठ दिसत होती. आधी उभा राहिला, मग उकिडवा बसला. बराच वेळ बसला. हात हलवत होता, मधेच दूर बोट दाखवत होता, दक्षिणेकडं. मला वाटलं, रडतोय. जेवणाची सुट्टी संपत आली, त्याचं नाव अजून पुकारायचं होतं, मी फाटकातून हाक मारली.

आला. डोळे कोरडे. मी विचारलं, "काय करत होतास रे इतका वेळ?"

म्हणाला, "पौषाच्या पुढचं राहिलं व्हतं न्हवं? त्ये सांगून आलो. माघात पाचोड, फाल्गुनात गोदाकाठ, चैत्रात उलटं फिरायचं, आखाडाच्या आत घरी. समदं सांगितलं." गाडीवर बसता बसता म्हणाला, "भाईनं मधी येकदाबी तोडलं नाय, बाई."